चालू

स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमागे आमची शेड आहे,
पत्र्याची. दोन हीटर, त्यातला एक बिघडलेला.
मी लोकांनी टाकून दिलेले लॅपटॉप तपासते.
वायर लावायची, बटण दाबायचं, पाच आकडे मोजायचे.
दिवा लागला तर हिरवा स्टिकर : चालू. बोटीने परदेशी.
नाही लागला तर लाल.
लाल इथेच राहतात, आणि इथे राहणं महाग असतं,
हे मला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून गॅरेथ म्हणतो, पाच कशाला, दहा मोज.
पंधरा मोज.
कधीतरी लागेलच की.

'चालू'ला आमच्या भाषेत आणखी एक अर्थ आहे.
तो मी गॅरेथला सांगितलेला नाही.

क्वाबेना खोके भरतो.
त्याच्या मावशीच्या घरामागे, आक्रात,
पोरं वायरी जाळतात तांब्यासाठी.
धूर आधी काळा, मग हिरवट,
मग नुसताच घशात.
"मावशीच्या कोंबड्यांची अंडी आम्ही खात नाही आता,"
एवढंच म्हणतो, आणि चिकटपट्टी ओढतो.
तो आवाज शेडभर फाटत जातो.

मंगळवारी एक आला.
कळांवर नखाएवढे कागद,
हाताने कापलेले, वर सेलोटेप :
देवनागरी.
'ळ' पार झिजलेला.
इथे, बर्कशरमध्ये, कुणाला लागला एवढा 'ळ'?
पोचलीस की कळव. जेवलास की कळव.
कळव, कळव करतच गेला असेल.

वायर लावली. पाच. दहा.

(भाऊ रोज फोटो पाठवतो.
गायरानाला निळ्या पत्र्याचं कुंपण पडलंय.
"ताई, डेटा सेंटर येतंय, गाव डायरेक्ट क्लाउडमध्ये!"
कुंपणापुढे तो, सरपंच, आणि एक हेल्मेटवाला,
तिघेही ऊन डोळ्यांवर घेऊन हसताहेत.
त्याच्या प्लॉटांचे भाव तिप्पट झालेत.
आणि तळं? विचारलं तेव्हा सांगितलं.
"तळं कसलं, डबकं होतं ते."

त्या डबक्यात मी पोहायला शिकले,
पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून.
फोटो आहे माझ्याकडे : मी, डबा, दोन म्हशी,
आणि पाणी, जे कॅमेऱ्यात मावलं नव्हतं.)

घरी जाताना मी त्या बिनखिडक्यांच्या इमारतींवरून जाते.
आत कुठल्यातरी कपाटात असेल माझं तळं.
किंवा डब्लिनला, कुणाला ठाऊक.
कुठेही असो, गार हवेत आहे.
वीज गेली तर जनरेटर,
जनरेटर गेला तर दुसरा जनरेटर,
दारावर रात्रीचा एक सरदारजी, थर्मास घेऊन.
भिंतीतून सतत ऊन श्वास बाहेर पडतो,
त्याच्यासमोरच्या फुटपाथवर जानेवारीतही बर्फ धरत नाही.
एक कोल्हा तिथे निजतो, शेपटीत नाक खुपसून.
त्याचं बरं चाललंय.

तळ्याची एवढी निगा कुणी राखली असती तर,
असं भावासाठी टाइप केलं
आणि पुसून टाकलं.
पाठवलं असतं तर तेही वाक्य
कुणाला तरी गार करत बसावं लागलं असतं.
तिकडे टँकर लागले असते त्याला,
आज ना उद्या.

पंधरा. सोळा.
सतराला दिवा लागला.
काजव्याएवढा. लागला आणि गेला.
गॅरेथने अंगठा वर केला.

मी 'ळ' नखाने खरवडून काढला,
कागद कसला, नुसती टेप उरली होती,
आणि वर हिरवा लावला.
माझा व्हिसा मार्चपर्यंत चालू आहे.

क्वाबेनाने खोका उचलताना
एकदा स्टिकरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.
मग पट्टी ओढली.